आधी निवडा, मग सांगा

मोबाइल सराईतपणे वापरणारी माणसं कॉम्प्युटरसमोर बसली की अवघडतात. व्हॉट्सॲपवर फोटो पाठवणं, यूट्यूबवर कीर्तन लावणं, क्यूआर कोड स्कॅन करून भाजीचे पैसे देणं हे सगळं त्यांना बसल्या जागी जमतं. पण बचत गटाचा हिशोब कॉम्प्युटरवर मांडायचा झाला किंवा मुलीच्या प्रवेशाचा अर्ज भरायचा झाला, की माउस हातात धरून ती शेजारच्याकडे बघतात आणि विचारतात, “आता कुठे दाबू?” हे फक्त साठीच्या पुढच्यांचंच होतं असं नाही. लहानपणापासून मोबाइल हाताळलेली कॉलेजातली मुलंसुद्धा “फाइल कुठे सेव्ह केलीस?” या प्रश्नावर गडबडतात.

यात कुणाची बुद्धी कमी पडत नाही. मोबाइल आणि डेस्कटॉप यांचा स्वभावच वेगळा आहे. मोबाइलवर एका वेळी एक ॲप सगळा पडदा व्यापतं, फोटो आपोआप गॅलरीत जाऊन बसतात, आणि बोट जिथे टेकतं तिथेच काम होतं. डेस्कटॉपवर चार कामं एकाच पडद्यावर मांडलेली असतात, फाइल कुठे ठेवायची हे आपण ठरवायचं असतं, आणि हात टेबलावर फिरतो तेव्हा बाण दूर पडद्यावर फिरतो. मोबाइलने ज्या गोष्टी आपल्यापासून झाकून ठेवल्या, त्या डेस्कटॉप उघड्यावर मांडतो. म्हणूनच तो सुरुवातीला अवघड वाटतो आणि म्हणूनच मोठं काम त्याच्यावर नीट होतं.

शिकणारे बहुतेक जण वहीत पायऱ्या लिहून घेतात. आधी स्टार्ट, मग अमुक चित्र, मग डावीकडून तिसरं बटण. वही काही दिवस उपयोगी पडते. मग एखाद्या सकाळी सिस्टिम अपडेट होते, बटण जागा बदलतं आणि लिहिलेलं सगळं कुचकामी ठरतं. लोकांना शिकवताना मला एक गोष्ट पक्की पटली आहे: डेस्कटॉपमागच्या मोजक्या कल्पना आधी समजून घेतल्या, तर पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. त्या कल्पना काही माणसांनी फार विचारपूर्वक, नवख्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवूनच घडवल्या आहेत. त्या कशा घडल्या हे कळलं, की त्या डोक्यात पक्क्या बसतात.

माउसपासून सुरुवात करू. अमेरिकेत कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये डग्लस एंगलबार्ट हे संशोधक कॉम्प्युटरने माणसाची विचारशक्ती कशी वाढवता येईल यावर काम करत होते. पडद्यावरच्या एखाद्या जागेकडे झटकन बोट दाखवायचं साधन त्यांना हवं होतं. त्यांच्या कल्पनेवरून त्यांचे सहकारी बिल इंग्लिश यांनी १९६४ साली पहिला माउस बनवला. तो होता एक लाकडी ठोकळा. खाली काटकोनात बसवलेली दोन चाकं, एक आडवी हालचाल मोजायला, दुसरं उभी. वर एक बटण. ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्कोतल्या परिषदेत एंगलबार्टनी दीड तासाच्या प्रात्यक्षिकात हा माउस लोकांना दाखवला. कॉम्प्युटरशी बोलायचं म्हणजे छिद्रं पाडलेली कार्डं द्यायची, असा तो काळ होता.

पुढे चाकांच्या जागी रबरी गोळी आली आणि तीही गेली. आजच्या माउसच्या पोटात एक इवलासा कॅमेरा असतो. तो टेबलाच्या पृष्ठभागाची सेकंदाला हजाराहून जास्त चित्रं टिपतो आणि आधीच्या चित्राशी नंतरचं ताडून आपण किती सरकलो ते काढतो. म्हणूनच गुळगुळीत काचेच्या टेबलावर माउस अडखळतो. काचेवर त्याला ताडून बघायला काही खूणच सापडत नाही. खाली साधा कागद सरकवा, लगेच चालू लागतो.

यातच एक मर्म आहे आणि ते शिकवताना कुणी फारसं सांगत नाही. माउसला आपण टेबलावर कुठे आहोत हे कळतच नाही, किती हललो एवढंच कळतं. त्यामुळे टेबलाची कड आली, तर माउस उचलायचा आणि परत मध्ये आणून ठेवायचा. उचललेला असताना पडद्यावरचा बाण जागचा हलत नाही. हे माहीत नसलेली माणसं हात लांबवत लांबवत कीबोर्डला धडकतात आणि बाण पुढे जाईना म्हणून हैराण होतात.

धरायची पद्धतही महत्त्वाची. मनगट टेबलावर सैल टेकलेलं, अंगठा आणि करंगळी दोन बाजूंना, तर्जनी डाव्या बटणावर, मधलं बोट उजव्या. नवखा माणूस माउस मुठीत आवळतो, आणि मग क्लिक करताना बोटाबरोबर सगळा पंजा हलतो. कॉम्प्युटरच्या दृष्टीने बटण दाबून हात हलला, की तो क्लिक राहत नाही, ते ओढणं होतं. उघडायला गेलेला फोल्डर मग शेजारच्या फोल्डरमध्ये जाऊन पडतो आणि “माझं सगळं गेलं!” अशी हाक येते. डबलक्लिकचं दुखणं याहून मोठं. विंडोजमध्ये दोन क्लिकांमधलं अंतर अर्ध्या सेकंदाच्या आत असावं लागतं. कापऱ्या किंवा आखडलेल्या बोटांना ते साधत नाही. त्यासाठी झुरत बसू नये. माउसच्या सेटिंगमध्ये हा वेग कमी करता येतो. तेही नको असेल तर एकदाच क्लिक करून फाइल निवडा आणि एंटर दाबा, फाइल उघडते. मी वयस्कर शिकणाऱ्यांना आधी हेच शिकवते. डबलक्लिक यथावकाश येतो.

सरावासाठी पहिल्या पिढीने काय केलं हे बघण्यासारखं आहे. जानेवारी १९८४ मध्ये ॲपलने मॅकिंटॉश बाजारात आणला, तेव्हा माउस कसा चालवायचा हे सांगणारी ध्वनिफीत त्याच्यासोबत दिली होती. ती कॅसेट टेपरेकॉर्डरवर लावायची आणि पडद्यावर करून बघायचं. शिवाय त्याच्या कीबोर्डवर बाणांच्या कळा मुद्दाम ठेवल्याच नाहीत. कळा दिल्या असत्या तर लोकांनी माउसला हातच लावला नसता. १९९० साली आलेल्या विंडोज ३.० मध्ये पत्त्यांचा सॉलिटेअर हा खेळ होता. पान दाबून धरायचं, ओढत न्यायचं, योग्य जागी सोडायचं, हे करता करता लाखो हातांना ओढून सोडण्याची सवय लागली. आजही नवख्या माणसाला मी सॉलिटेअरच लावून देते. अर्ज भरताना हात थरथरतो, पत्ते लावताना थरथरत नाही.

बाण नेमका कुठे नेणं सोपं आणि कुठे अवघड, याचाही एक नियम आहे. पॉल फिट्स या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९५४ साली तो मांडला. लक्ष्य जितकं लांब आणि जितकं लहान, तितका तिथे पोचायला वेळ जास्त. पडद्याच्या कडा मात्र याला फायदेशीर अपवाद ठरतात, कारण बाण कडेपलीकडे जाऊच शकत नाही. कोपऱ्याकडे माउस कितीही जोरात ढकला, बाण कोपऱ्यातच थांबणार. विंडोज ९५ पासून स्टार्ट बटण डाव्या कोपऱ्यात होतं, ते नवख्या हातांना सोयीचं पडायचं. २०२१ च्या विंडोज ११ मध्ये ते मधोमध सरकलं. सेटिंगमधून ते परत डावीकडे नेता येतं, आणि शिकणाऱ्यासाठी ते न्यावं असं माझं मत आहे.

आता पडद्यावर जे दिसतं त्याकडे येऊ. ज्या कंपनीच्या नावाने आपण कागदाच्या छायाप्रतीला झेरॉक्स म्हणतो, त्याच कंपनीची पालो आल्टो इथे एक संशोधन संस्था होती. तिथे १९७३ साली आल्टो नावाचा कॉम्प्युटर तयार झाला. त्याचा पडदा कागदासारखा उभा होता. एकावर एक ठेवलेल्या कागदांसारख्या विंडो, माउसने चालणारा बाण, जसं दिसेल तसंच छापून येणारं पान, यातलं बरंचसं तिथे जन्माला आलं किंवा तिथे वाढलं. पुढे १९८१ मध्ये झेरॉक्सने स्टार नावाचा कॉम्प्युटर विक्रीला काढला. त्याचा पडदा म्हणजे ऑफिसातलं टेबल होतं. कागद, फोल्डर, आलेल्या पत्रांचा ट्रे, प्रिंटर, सगळं चित्ररूपाने मांडलेलं. आपण आज ज्याला डेस्कटॉप म्हणतो तो हाच. किंमत मात्र एका यंत्रामागे १६ हजार डॉलरहून जास्त होती, त्यामुळे तो फारसा विकला गेला नाही. ही कल्पना सामान्यांच्या घरात गेली ती मॅकिंटॉश आणि नंतर विंडोजमुळे.

पण चित्रांपेक्षा मोलाची गोष्ट वेगळीच होती, आणि ती एका चुकीतून लक्षात आली होती. आल्टोवर ब्राव्हो नावाचा मजकूर लिहायचा प्रोग्राम होता. त्यात दोन अवस्था होत्या. एका अवस्थेत कळ दाबली की अक्षर उमटायचं, दुसऱ्या अवस्थेत तीच कळ म्हणजे आज्ञा व्हायची. समजा तुम्ही आज्ञेच्या अवस्थेत आहात हे विसरलात आणि इंग्रजीत ‘एडिट’ हा शब्द टाइप केलात. ई म्हणजे सगळा मजकूर निवड. डी म्हणजे पुसून टाक. आय म्हणजे आता नवं लिही. आणि उरलेला टी पानावर उमटायचा. चार कळा, आणि सगळ्या लेखनाच्या जागी एक टी! वापरणाऱ्याचा काहीच दोष नाही. आपण कुठल्या अवस्थेत आहोत हे त्याने लक्षात ठेवायचं, ही अपेक्षाच चुकीची होती.

याच संस्थेतल्या लॅरी टेस्लर या संशोधकाने ही अवस्थांची कटकट संपवायचा जणू ध्यास घेतला. झेरॉक्सच्याच मालकीची, शालेय पुस्तकं काढणारी गिन अँड कंपनी होती. तिथल्या संपादकांसाठी टेस्लर आणि टिम मॉट यांनी जिप्सी नावाचा प्रोग्राम बनवला. आधी मॉट त्या संपादकांसोबत बसला. कॉम्प्युटर कधी न वापरलेल्या त्या माणसांना त्याने विचारलं, की समोर हे पान आहे, यातलं वाक्य तुम्हाला काढायचं आहे, तर तुम्ही काय कराल? ते कागदावर जे करत आले होते तेच त्यांनी सांगितलं: मजकुराकडे बोट दाखवू, खूण करू, कापू, दुसरीकडे चिकटवू. कट, कॉपी, पेस्ट हे या रूपात आपल्यापर्यंत आलं ते असं. टेस्लर २०२० साली गेले, पण दिवसभरात आपण सगळे किती वेळा त्यांनी घालून दिलेल्या वाटेने जातो!

या सगळ्यातून जो क्रम ठरला तो प्रत्येक शिकणाऱ्याने उराशी धरावा असा आहे. आधी वस्तू निवडायची, मग तिचं काय करायचं ते सांगायचं. फाइल असो, शब्द असो, फोटो असो, आधी क्लिक करून ती निवडा, तिचा रंग बदलतो किंवा तिच्याभोवती चौकट येते, आणि मग आज्ञा द्या. मराठी बोलणाऱ्याला हे मुळीच परकं नाही. “ते पत्र फाड”, “हा फोटो दे”, असंच आपण बोलतो. आधी वस्तू, शेवटी क्रिया. नवख्या माणसाचं काम अडतं तेव्हा बऱ्याच वेळा त्याने काहीच निवडलेलं नसतं, किंवा भलतंच निवडलेलं असतं. अक्षरं ठळक होत नाहीत, कारण शब्द निवडलेला नाही. डिलीट दाबल्यावर सगळा परिच्छेद गेला, कारण सगळा परिच्छेद निवडलेला होता. म्हणून कुठलंही बटण दाबण्याआधी एक क्षण थांबून पडद्यावर बघावं, की आत्ता काय निवडलेलं आहे. उजव्या बटणाचा क्लिकही याच क्रमात बसतो. वस्तूवर बाण नेऊन उजवं बटण दाबलं, की त्या वस्तूचं काय काय करता येतं त्याची यादीच समोर येते. आज्ञा पाठ असायची गरज नाही, ती दिसल्यावर ओळखता आली की पुरे.

आणि चूक झालीच, तर कंट्रोल आणि झेड. शेवटची कृती मागे जाते, पुन्हा दाबलं की त्याच्या आधीची. कंट्रोलसोबत एक्स म्हणजे कट, सी म्हणजे कॉपी, व्ही म्हणजे पेस्ट. कीबोर्डच्या खालच्या ओळीत झेड, एक्स, सी, व्ही या कळा ओळीने शेजारी शेजारी आहेत. ॲपलच्या लिसा या १९८३ च्या कॉम्प्युटरपासून ही रचना अशीच चालत आली आहे. उजवा हात माउसवर असताना डाव्या हाताला त्या आपसूक सापडतात. “मी काही बिघडवलं तर?” ही भीती मी ज्यांच्या ज्यांच्या तोंडून ऐकते, त्यांना पहिल्या दिवशी फक्त हे एक शिकवते. पाच ओळी लिहा, पुसा, परत आणा. भीती गेल्याशिवाय शिकणं सुरूच होत नाही.

विंडोबद्दल थोडक्यात. पडद्यावर कितीही विंडो उघडल्या असल्या, तरी कीबोर्डचं ऐकणारी एका वेळी एकच असते. ती पुढे असते. “मी टाइप करते आहे, पण उमटतच नाही” या तक्रारीचं उत्तर बहुधा हेच असतं, की पुढे दुसरीच विंडो आहे. जिथे लिहायचं तिथे एकदा क्लिक करा. वरच्या पट्टीतली तीन बटणंही नीट ओळखून घ्यावीत. आडवी रेघ विंडोला बंद करत नाही, नजरेआड करते. काम चालूच असतं, खालच्या टास्कबारवर तिची खूण दिसते आणि तिथे क्लिक केलं की ती परत येते. फुली मात्र खरंच बंद करते. हा फरक न कळल्यामुळे माणसं तोच ब्राउझर पुन्हा पुन्हा उघडत राहतात आणि कॉम्प्युटर मंदावला म्हणतात.

विंडो समजली की एका फसवणुकीपासूनही बचाव होतो. इंटरनेटवर काही वाचताना अचानक लाल अक्षरांत संदेश येतो, की तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस शिरला आहे, लगेच या नंबरवर फोन करा. घाबरून फोन करू नका. आधी आडव्या रेघेने ब्राउझर खाली घाला. त्याच्यासोबत संदेशही गेला, तर तो तुमच्या कॉम्प्युटरने दिलेला नव्हताच, ते एक वेबपान होतं. ते पान बंद करून टाकावं. आणि संदेश कुठूनही आलेला असो, फोन करायला सांगत असेल तर करू नये.

आता सगळ्यात गुंतागुंतीचा भाग, फाइल. इथे लोक सर्वांत जास्त हरवतात, म्हणून इथे जरा सावकाश जाऊ. कॉम्प्युटरच्या आत दोन तऱ्हेच्या जागा असतात. एक म्हणजे मेमरी, ती पाटीसारखी: काम करताना लिहायची, पण वीज गेली की कोरी. दुसरी डिस्क, ती वहीसारखी: वीज असो नसो, लिहिलेलं राहतं. तुम्ही टाइप करता ते आधी पाटीवर उमटतं. सेव्ह करणं म्हणजे पाटीवरचं वहीत उतरवणं. आता काही प्रोग्राम ठरावीक वेळाने आपोआप उतरवून ठेवतात, पण त्यावर विसंबू नये. आपल्याकडे वीज कधी जाईल सांगता येत नाही. पहिली ओळ लिहिली की लगेच कंट्रोल आणि एस दाबून फाइलला नाव द्यावं, आणि मग अधूनमधून ते दाबत राहावं.

सेव्ह करताना कॉम्प्युटर दोन गोष्टी विचारतो, नाव काय आणि ठेवू कुठे. घाईत आपण पहिल्याचं उत्तर देतो आणि दुसऱ्याकडे बघतही नाही. एक उदाहरण घेऊ. शेतकऱ्याने डिजिटल सातबारा डाउनलोड केला. पडद्यावर डाउनलोड झाल्याची खूण आली आणि गेली. आता सातबारा आहे कुठे? बहुतेक वेळा तो डाउनलोड्स नावाच्या फोल्डरमध्ये असतो, आणि त्याचं नाव आकडे आणि इंग्रजी अक्षरांची न कळणारी माळ असते. टास्कबारवरचं पिवळ्या फोल्डरचं चित्र उघडा, डावीकडे डाउनलोड्सवर क्लिक करा, फाइली तारखेप्रमाणे लावा. सगळ्यात नवी फाइल हीच तुमची. तिच्यावर राइट क्लिक करून रिनेम घ्या आणि गावाचं नाव, गट क्रमांक, वर्ष असं नाव द्या. नाव देवनागरीत दिलं तरी चालतं. मग जमिनीचे कागद नावाचा फोल्डर करून त्यात ती हलवा. हे एकदा मन लावून केलं, की पुढच्या वेळी कर्जाच्या अर्जाला सातबारा जोडायचा असेल तेव्हा पुन्हा डाउनलोड करत बसावं लागत नाही.

फाइलच्या नावाला एक शेपूट असतं. पीडीएफ, जेपीजी, डॉक्स अशी ती अक्षरं ती फाइल कुठल्या जातीची आहे आणि कुठल्या प्रोग्रामने उघडायची ते सांगतात. विंडोज हे शेपूट बरेचदा लपवतं. ते दिसेल अशी सोय व्ह्यू या मेन्यूतून करून घ्यावी. प्रवेश अर्जात “फोटो जेपीजीमध्ये आणि अमुक केबीच्या आत” असं मागतात, तेव्हा हे शेपूट आणि फाइलचा आकार दोन्ही बघावे लागतात. शेपटाची अक्षरं हाताने बदलली म्हणून आतला माल बदलत नाही, हेही लक्षात असू द्या. त्यासाठी फोटोच्या प्रोग्राममध्ये ती फाइल उघडून सेव्ह ॲज करावी लागते.

ओढून सोडण्यात एक मेख आहे. विंडोजमध्ये एकाच ड्राइव्हवर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात ओढली, तर ती हलते, मूळ जागी राहत नाही. पण पेन ड्राइव्हवर ओढली तर तिची प्रत होते, मूळ तिथेच राहते. ओढताना बाणाशेजारी लहान अक्षरांत मूव्ह की कॉपी ते लिहून येतं, पण ते वाचायची सवय लागायला वेळ लागतो. तोवर फाइल डाव्याऐवजी उजव्या बटणाने ओढावी. सोडल्यावर हलवू की प्रत करू असं कॉम्प्युटर स्वतःच विचारतो.

डेस्कटॉपवरची काही चित्रं खऱ्या फाइली असतात आणि काही फक्त वाट दाखवणारी असतात. कोपऱ्यात वळलेला लहानसा बाण असेल, तर तो शॉर्टकट. पेन ड्राइव्हवर फाइल म्हणून शॉर्टकट घेऊन प्रिंट काढायला झेरॉक्सच्या दुकानात गेलेली माणसं हात हलवत परत येतात, कारण सोबत नेलेली असते ती फक्त पाटी, ज्यावर घरच्या कॉम्प्युटरचा पत्ता लिहिलेला. आणि डेस्कटॉप हा स्वतःच एक फोल्डर आहे हेही बऱ्याच जणांना ठाऊक नसतं. तिथे ठेवलेलं सगळं त्या फोल्डरमध्ये असतं.

मराठीत लिहिणाऱ्यांसाठी एक वेगळा धडा लागतो. जुन्या दस्तऐवजांत अनेकदा असं होतं, की एका कॉम्प्युटरवर छान दिसणारं मराठी दुसऱ्यावर नेलं की इंग्रजी अक्षरांची खिचडी होते. त्या काळचे फॉन्ट आतून इंग्रजी अक्षरंच साठवत आणि वरून त्यांना मराठी रूप देत. फॉन्ट नसेल तिथे रूप गळून पडतं. युनिकोडमध्ये प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, त्यामुळे ते कुठेही मराठीच राहतं. नव्याने शिकणाऱ्याने युनिकोडच शिकावं. इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांसाठी प्रमाण ठरलेला कीबोर्ड आहे. त्यात स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, आणि शिफ्ट दाबलं की क चा ख, त चा थ, प चा फ. आठवडाभर चुका होतात, मग बोटं स्वतः वाट शोधतात. विंडोजची कळ आणि स्पेस बार एकत्र दाबले की भाषा बदलते. अचानक इंग्रजीऐवजी मराठी उमटायला लागलं म्हणून घाबरलेल्यांच्या बाबतीत बहुधा हेच चुकून दाबलं गेलेलं असतं.

२००१ मध्ये महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झालं आणि त्याच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने राज्यातल्या लाखो लोकांना माउस पहिल्यांदा हातात दिला. तालुक्याच्या गावी, एखाद्या इमारतीच्या पहिल्या मजल्यावर, ओळीने मांडलेल्या कॉम्प्युटरांसमोर बसून शिक्षक, तलाठी, गृहिणी, नोकरीच्या शोधातली मुलं शिकली. ते काम मोठं होतं. मात्र परीक्षा पास होण्याच्या घाईत कित्येकांच्या हाती पायऱ्याच लागल्या, त्यामागचा क्रम राहून गेला. अशी माणसं दुसऱ्या सिस्टिमसमोर बसली की नव्याने घाबरतात. खरं तर घाबरायचं कारण नाही. सी-डॅकने तयार केलेली बॉस ही लिनक्सवर चालणारी भारतीय सिस्टिम असो की ॲपलचा मॅक, विंडो, फाइल, निवड, आज्ञा हे सगळीकडे तेच. फरक लहान असतात. मॅकवर विंडो बंद करायची बटणं डाव्या कोपऱ्यात असतात, कंट्रोलच्या जागी कमांड ही कळ येते, आणि लाल बटणाने विंडो बंद झाली तरी प्रोग्राम बरेचदा चालूच राहतो.

पहिल्या आठवड्यात फार काही शिकू नका. रोज थोडा वेळ सॉलिटेअर खेळा. आपल्या नावाचा एक फोल्डर करा, त्यात बाजाराची यादी किंवा नातवंडाला पत्र लिहून सेव्ह करा. ते बंद करून कॉम्प्युटरही बंद करा, दुसऱ्या दिवशी ते शोधून उघडा. आणि एकदा मुद्दाम एखादी फाइल पुसा. विंडोजमध्ये ती रिसायकल बिनमध्ये जाते, लगेच नाहीशी होत नाही. बिन उघडा, फाइल निवडा, राइट क्लिक करून रिस्टोअर म्हणा, आणि ती मूळ जागी परत आली की नाही ते जाऊन बघा. हा प्रयोग पेन ड्राइव्हवरच्या फाइलीवर मात्र करू नका. तिथून पुसलेली फाइल बिनमध्ये जात नाही.